डावी सीट

गाडी आईसाठी घ्यायची आणि आईचा डावा गुडघा वाकत नाही, एवढी साधी गोष्ट मामाच्या डोक्यात शिरत नव्हती. त्याला हत्तीएवढ्या चाकांची, टपावर दिव्यांची रांग असलेली फोर-बाय-फोर हवी होती.

"आणि आईला आत काय क्रेनने चढवणार?" मुंगीने विचारलं. पंधराव्या वर्षीही शाळेच्या रांगेत पहिली उभी राहायची, म्हणून मुंगी. जीभ मात्र हातभर.

शेवटी घेतली ती जुनी, आखूड, डब्यासारखी दिसणारी गाडी. चारही चाकांत जोर, पण पायरी खाली.

आई जनावरांची डॉक्टर. डोंगरापलीकडच्या गोठ्यांवर जायचं तर ओढा ओलांडावा लागे. त्याच ओढ्यात दीड वर्षापूर्वी पहिली गाडी बंद पडली आणि पाणी वाढलं. आई मोडक्या गुडघ्याने बाहेर आली. बाबा आले नाहीत. तेव्हापासून ती दवाखान्यात नुसते कागद चाळायची. आता ओढा पार झाला तर काम परत, नाहीतर जन्मभर ती खुर्ची.

गॅरेजवाल्या मिस्त्रीणबाईंची रीत शिंप्याची. टेप गळ्यात, आधी घरी जाऊन माणसाचं माप, मग पाना. त्यांनी आईचा क्लच पायातून काढून हातात दिला. गिअरच्या दांड्यावरच मूठ, ती दाबली की झालं. इंजिनात पाणी जाऊ नये म्हणून हवेची नळी टपापर्यंत नेली.

शाळा सुटली की मुंगी गॅरेजात हजर. डावी सीट आपली, हे तिने परस्पर ठरवून टाकलं होतं. रोज ती सीट पुढे ओढून घरी जायची, आणि दुसऱ्या दिवशी सीट पार मागे.

"हिची खाच झिजलीये का हो?"

"नवी बसवलीये. पण तू पुढे का ओढतेस गं? साहेबांचे गुडघे आपटतील. लांब पायांचं माप दिलंय तुझ्या आईने." बाईंनी टेप सावरली. "येणार कधी ते? एकदा बसवून बघायला हवं."

गॅरेजचा पत्रा उन्हाने तापला होता, तरी मुंगीच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"बाबा नाहीत," ती म्हणाली. "दीड वर्ष झालं."

बाई टेप गुंडाळत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "मी त्या सीटला हात लावलेला नाही. मला वाटलं, तुझी आईच येऊन मागे सारते."

"आई इथे आलीये कुठे?"

रविवारी सकाळी ओढ्यावर ट्रायल. बाई काठावर उभ्या, मुंगी मागच्या बाकावर. डावी सीट रिकामी, पार मागे, तिच्या गुडघ्यांना टेकलेली. आईने गाडी पाण्याशी आणली आणि मूठ दाबून धरली. इंजिन घुमत राहिलं.

"आई, चल ना."

"थांब. ते सांगतील."

बाबा नेहमी डाव्या खिडकीतून डोकं बाहेर काढून चाकाखालचे दगड बघायचे, रस्ता सांगायचे. आई आत्ताही तिकडेच बघत होती.

मुंगी दोन सीटांमधून पुढे घुसली.

"मागे बस," आई म्हणाली.

"कोणी नाहीये, आई."

ती डाव्या सीटवर बसली. गारठ्यात सगळी गाडी बर्फ झालेली, पण ती सीट कोमट होती. कोणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखी. मुंगीचे पाय अधांतरी लोंबत होते. पळून जावंसं वाटत होतं, तरी तिने डोकं बाहेर काढलं.

"उजवीकडे खडक आहे. डावीकडून घे. अजून डावीकडे. हां, आता सरळ."

आईची मूठ सैल झाली. पाणी दारापर्यंत चढलं, गाडी एकदा डगमगली आणि गुरगुरत पलीकडे चढली.

आईने मोठा श्वास सोडला. लोंबणाऱ्या पायांकडे बघून म्हणाली, "ओढ ती पुढे. अशीच बसणारेस का माझ्या शेजारी?"

मुंगीने खालचा दांडा उचलून जोर लावला. सीट हलेना. पुन्हा लावला. मागून कोणीतरी धरून ठेवल्यासारखी.

आई मुंगीच्या डोक्यावरून मागे बघत होती. मग ती म्हणाली, "अहो, येऊ द्या तिला पुढे."

खट् आवाज झाला. सीट अलगद पुढे सरकली, आणि मुंगीचे पाय टेकले.