सुपडूभाऊंचा धुळीचा चष्मा

मी एक चष्मा बोलतोय; नंबराचा नव्हे बरं का, धुळीचा. पारदर्शक प्लास्टिकचा, कडेला बारीक भोकं आणि मागे इलॅस्टिकचा पट्टा. देखणा आहे असं मीच म्हणतो, कारण दुसरं कुणी म्हणत नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. आठवतं ते १९९६ सालचं सुरतेजवळच्या भेस्तानमधलं दुकान. तिथे मी हेल्मेटांशेजारी लटकत होतो. सुपडूभाऊ आले तेव्हा त्यांचा उजवा डोळा लालभडक झाला होता. ते मूळचे खानदेशातले; जवळच्याच सचिन गावातल्या एका कारखान्यात कापडाचे माग चालवायचे. "धूळ आत जायला नको," एवढंच ते दुकानदाराला म्हणाले आणि मला लावूनच बाहेर पडले. मला किती आनंद झाला म्हणून सांगू!

कारखान्यात साठ माग एकदम खडखडायचे. ओरडूनही ऐकू येत नाही, म्हणून तिथे सगळे हातांनी बोलतात. दोन बोटांची कात्री केली की धागा तुटला, अंगठा ओठांपाशी नेला की चहा. सुपडूभाऊ पोटावर गोल हात फिरवून दाराकडे बोट दाखवायचे. लगेच शेजारचा हिलाल त्यांचे माग सांभाळायला यायचा. दिवसातून आठ-दहा वेळा हे चालायचं.

मला पाहून हिलालने पहिल्याच दिवशी पोहण्याची खूण केली. सगळे पोट धरून हसले. मला राग आला, पण मी कामाला लागलो. उडणारे तंतू, पूड, सगळं अंगावर घेतलं. आत कण म्हणून जाऊ दिला नाही.

तरी डोळा लालच! दुखायलाही लागला, उजेड सोसेना. भाऊंना वाटलं, धूळ माझ्यातूनच शिरतेय. त्यांनी पट्टा आवळला आणि माझ्या भोकांत कापूस कोंबला. मग मी आतून असा धुरकट झालो, की भाऊ मागाऐवजी खांबासमोर जाऊन उभे राहिले.

हसू आलं खरं, पण एके दिवशी मला काढूनही त्यांना तुटलेला धागा दिसेना. तेव्हा मात्र मी घाबरलो. नजर गेली तर मागावर कोण उभं करणार त्यांना?

दोन वर्षं त्यांना जुलाब होत, रक्त पडे. आतड्याला सूज आहे, असं पोटाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. डोळ्याच्या डॉक्टरांकडे जायचं ठरलं, तेव्हा घरी त्यांच्या पत्नी प्रमिलाबाई अहिराणीत म्हणाल्या, "डोयाना डागतरले पोटनं बी सांगा."

"डोयाना डागतरले पोटनं काय सांगू? लाज वाटस," भाऊ म्हणाले.

हिलाल त्यांना हाताला धरून दवाखान्यात घेऊन गेला. भाऊंनी पुरावा म्हणून मला टेबलावर ठेवलं. "धूल है, मॅडम. बस, धूल." मी शरमेने मेलो.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "और कोई तकलीफ?"

भाऊंनी मान हलवली, नाही म्हणून. मागे उभ्या हिलालने मात्र सवयीने पोटावर गोल हात फिरवून दाराकडे बोट दाखवलं.

"ये क्या बताया?"

"मॅडम, इसका पेट! दिन में दस बार जाता है."

भाऊंचे कानही डोळ्यासारखे लाल झाले. पण आता लपवायचं काय? त्यांनी रक्ताचंही सांगून टाकलं.

बाईंनी यंत्रातून डोळा तपासला आणि समजावलं: सूज डोळ्याच्या आत आहे. आतड्याला अशी सूज असणाऱ्यांच्या डोळ्यांनाही ती कधी कधी येते. धुळीने त्रास वाढतो, म्हणून चष्मा हवाच. पण त्याने ही सूज जाणार नाही. आणखी उशीर झाला असता, तर नजरेवर बेतलं असतं. त्यांनी थेंब दिले आणि पोटाच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली. दोन्हीकडची औषधं नेमाने चालली. महिन्याभराने भाऊंनी तुटका धागा पहिल्याच नजरेत पकडला, तेव्हा मला नाचावंसं वाटलं!

आता मी ओरखड्यांनी भरलोय. भाऊंनी नवा चष्मा घेतला आणि मी घरी आलो. मिरची कुटताना प्रमिलाबाई मला लावतात. थाटात असतो मी!

एवढंच मागणं आहे: धुळीत काम करताना माझ्यासारखा एखादा जरूर लावा. पण डोळा लाल होऊन दुखू लागला, तर डॉक्टरांना पोटाचंही सगळं सांगा, लाजू नका. तुमच्या मागे हिलाल उभा असेलच असं नाही.