अंगठ्याचं मत

पंच्याऐंशी सालची विधानसभेची निवडणूक. एटापल्लीच्या शाळेतले गुणवंतराव मास्तर पहिल्यांदाच केंद्राध्यक्ष झाले होते. सोळा किलोमीटर आत, जंगलातल्या एका गावी त्यांचं केंद्र लागलं. मूळचे ते गोंडपिपरीचे. मतदानाच्या दिवशी त्यांचा बाप धुतलेलं धोतर नेसून निघायचा. मताची किंमत मास्तरांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

सकाळपासून दूरदूरच्या टोल्यांवरून, चार-सहा घरांच्या वस्त्यांवरून, माणसं चालत आली. नाव सांगायचं, पुस्तकात मागं उरणाऱ्या स्थळप्रतीवर अंगठा लावायचा, मतपत्रिका घ्यायची आणि पडद्याआड जाऊन हव्या त्या चिन्हावर शिक्का मारायचा, एवढंच काम. पण लोक गोंडी बोलणारे, आणि मास्तरांना गोंडी चार शब्दांपलीकडे येत नव्हती. नऊच्या सुमारास थोडंफार मराठी येणारी बुधरी नावाची म्हातारी मतपत्रिका हातात धरून अडून राहिली.

"गुरुजी, आतबी अंगठाच लावू का?"

मास्तर पुढच्या मतपत्रिकांच्या पाठीवर सह्या करत होते. मान वर न करता म्हणाले, "हो, लाव, लाव. मागं लाइन हाये."

बाहेर आल्यावर बुधरीनं रांगेला गोंडीत काहीतरी समजावून सांगितलं आणि झाडाखाली जाऊन बसली.

दोन वाजता मास्तर पडद्याआड शाई बघायला गेले. शिक्का कोरडा ठणठणीत पडला होता. शाईच्या पॅडवर मात्र अंगठ्यांचे ठसेच ठसे. बुधरीचा सकाळचा प्रश्न त्यांना आठवला. अंगठ्यावरून मत कोणाचं ते ओळखता येतं, म्हणून असं मत बाद धरतात. बाहेर अजून तीसेक माणसं उभी होती. आत्ता सांगितलं असतं तर त्यांची तरी मतं वाचली असती. पण मग सकाळच्यांचं काय? उमेदवारांचे एजंट बोंब मारणार, अहवालात लिहावं लागणार, वरून चौकशी लागणार. मास्तर परत खुर्चीवर येऊन बसले.

"पुढचा," ते म्हणाले.

मतमोजणीला गडचिरोलीत त्यांनाच बसवलं. शंकेच्या मतपत्रिकांचा गठ्ठा टेबलावर आला. एकेक उलटावी तर पुढं जांभळा अंगठा आणि पाठीवर त्यांचीच सही. एकामागून एक सगळ्या बाद झाल्या.

शेजारी बसलेले तहसिलीतले कारकून वामनराव हळहळले. "तिकडं केरळात बटन दाबाची मशीन लावून पाह्यली होती म्हणे. कोर्टानं थांबवली. ते असती त इतके मतं वाया गेले नसते. कागदाचाच दोष हाये, मास्तर."

"हो, कागदाचाच," मास्तर म्हणाले, आणि म्हणताक्षणी त्यांना स्वतःचीच किळस आली. मशीन असती तर बुधरीनं कोणतं बटन दाबू म्हणून विचारलं असतं, आणि तेव्हाही त्यांनी मान वर केली नसती.

रविवारी सायकल काढून ते त्या गावी गेले. बुधरी मोहफुलं वेचत होती. त्यांना बघून कंबर सरळ करत उठली.

"आमचे मतं पोचले का, गुरुजी?"

"नाई, बाई. शिक्का माराचा होता. म्या तुमाले चुकीचं सांगतलं. सगळे बाद झाले."

बुधरीनं हातातली फुलं टोपलीत टाकली. "तुमाले कवा समजलं?"

इथं खोटं बोलता आलं असतं. "त्याच दिवशी," मास्तर म्हणाले. "दुपारी दोन वाजता."

"तवा माहा पोरगा इसरू लाइनीतच होता," बुधरी म्हणाली. "तीन कोस चालून आलता."

ती रागावली नाही. टोपली उचलून दुसऱ्या झाडाखाली गेली आणि पाठमोरी बसून वेचू लागली. मास्तरांनी सायकल वळवली.

घरी येऊन त्यांनी खरं काय घडलं ते तहसीलदारांना लिहून कळवलं. नोकरीच्या कागदावर ठपका लागला. पुढच्या निवडणुकीला त्या केंद्रावर दुसरेच अध्यक्ष होते. मास्तर मात्र आठवडाभर आधीपासून, गोंडी बोलणारा माणूस सोबत घेऊन, टोल्याटोल्यावर शिक्का कसा मारायचा ते दाखवत फिरले. मतदानाच्या दिवशी इसरू आला. बुधरी गावातच होती, पण आली नाही.