शेवग्याविना तीन महिने

जळकोटच्या द्राक्षबागांत कीटकनाशकाच्या फवारणीची नळी धरून दैवशालाकाकूंची अठरा वर्षं गेली होती. त्यांच्या रक्ताचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तेव्हा हर्षालीनं, त्यांच्या पुतणीनं, भिंग पुसून पुन्हा पाहिलं. पेशीतला डीएनए तुटला की तो मागं शेपटीसारखा ओघळतो. काकूंच्या पेशींना लांबच लांब शेपट्या होत्या.

हर्षाली सोलापुरात संशोधन करत होती. शेवग्याच्या पाल्याचा अर्क काचेच्या बशीतल्या पेशींना या मोडतोडीपासून वाचवतो, हे तिनं पाहिलं होतं. माणसाच्या अंगात तसं होतं का, ते आता बघायचं होतं. काकूंनी स्वतःला धरून फवारणीला जाणाऱ्या चोवीस बाया गोळा केल्या. निम्म्यांना पाल्याच्या कॅप्सूल, निम्म्यांना नुसत्या पिठाच्या. कुणाला कोणत्या, ते हर्षालीलाही ठाऊक नव्हतं.

"तीन महिने शेवगा मात्र खायचा न्हाय, न्हाईतर कॅप्सूलचा फरक कळायचा न्हाय," तिनं सगळ्यांना बजावलं.

काकूंच्या दारातच शेवगा लगडला होता. त्यांनी सगळ्या शेंगा वाटून टाकल्या. त्यांच्यातल्याच मथुराबाईंच्या लेकीचं लग्न निघालं, तर आदल्या दिवशीच आचाऱ्याला गाठून म्हणाल्या, "आमच्या चोवीस जणींची आमटी येगळी काढा, त्यात शेंगा नगंत." रोज सकाळी बागेच्या वाटेवर उभ्या राहून त्या प्रत्येकीला डोळ्यांदेखत कॅप्सूल गिळायला लावत. एकही बाई गळाली नाही. एवढी शिस्त हर्षालीनं प्रयोगशाळेतही पाहिली नव्हती.

शेवटी पुन्हा रक्त तपासलं आणि कुणाला काय दिलं त्याची यादी उघडली. पाला घेतलेल्या बऱ्याच जणींच्या पेशींच्या शेपट्या आखूड झाल्या होत्या. काकूंच्या होत्या तशाच. त्यांच्या वाट्याला पीठ आलं होतं.

हे सांगायला हर्षाली एसटीनं जळकोटला गेली. काकूंनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे आमी बारा जणी तशाच राहिलो, म्हणून तुला फरक कळला. व्हय?"

"व्हय, काकू."

"मग आमचंबी काम झालंच की!" त्या मोकळ्या हसल्या.

ही बातमी ऐकून एक व्यापारी गाडी घेऊन आला. पाल्याची पावडर विकू, डब्यावर 'कॅन्सरपासून संरक्षण' असं छापू, म्हणाला. काकूंनी त्याला चहा पाजला.

"बारा बायांत थोडा फरक दिसला, एवढंच छापा."

तो आला तसा परत गेला.

"पक्कं कळायला आणखी किती बाया लागतील गं?" काकूंनी हर्षालीला विचारलं.

"दोनशे तरी."

काकूंनी पायात चपला सरकवल्या आणि पदर खोचून त्या शेजारच्या वस्तीकडं निघाल्या.