वाटेत रोवलेली काठी

भगवानरावांनी स्वतःच्या हातानं आश्रुबाच्या डोक्यावर पथकाची खाकी टोपी ठेवली, तेव्हा गडी असा हरखला की आपलं मुंडासं कुठं टाकलं याचीही त्याला शुद्ध राहिली नाही. मेंढरांनी ते तुडवून लेंड्यांत मिळवलं आणि धुवायला त्याच्या बायकोला, बायनाबाईला लागलं. धुताना ती काही बोलली नाही. बायनाबाई बोलली नाही की समजावं, पुढं बोलणार आहे.

भगवानराव सिरसाळ्याच्या जमीनदाराचे चिरंजीव, मोमिनाबादेला, म्हणजे आपल्या अंबाजोगाईला, शिकून आलेले. ते साल सत्याग्रहाचं. निजामाच्या राज्यात तिरंगा फडकवला की थेट तुरुंग, आणि भगवानरावांनी तर सिरसाळ्याच्या भर बाजारात तो चढवायचं ठरवलेलं. भित्रे ते नव्हते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पण परदेशातल्या कुण्या पोलादी पुढाऱ्याची वर्णनं वाचून त्यांचं डोकं पार फिरलं होतं.

"तिकडं एक माणूस बोलतो आणि अख्खा देश पाय आपटत चालतो!" ते पथकात जमवलेल्या धनगर पोरांना सांगत. "कुणी प्रश्न विचारत नाही. उद्या आपलं राज्य आलं की आपल्यालाही असाच एक पाहिजे. आजपासून माझ्या पथकात बोलायला बंदी!"

आश्रुबाच्या अंगावर सर्रकन काटा यायचा. रोज मेंढरांमागं पाय ओढणारा हा धनगर आता लेफ्ट-राईट करत मेंढरांच्या तळावर येई आणि कुत्री त्याच्यावर भुंकत.

धनगरांची रीत मात्र अगदी उलटी. तळ हलताना वाट कारभाऱ्यानं ठरवायची; पण कुणाला ती पटली नाही, मग ती काल नांदायला आलेली सून का असेना, तर तिनं पुढं जाऊन वाटेत काठी रोवायची. काठी रोवली की सगळ्यांनी खाली बसायचं, आणि प्रत्येकाचं ऐकल्याशिवाय ती उपटायची नाही. मागच्याच आठवड्यात बायनाबाईनं काठी रोवून सासऱ्याला दुपारपर्यंत उन्हात बसवलं होतं. हे ऐकून भगवानराव पोट धरधरून हसले. "म्हणूनच तुम्ही मागे राहिलात, आश्रुबा!" आश्रुबाला आपल्या माणसांची लाज वाटली.

बाजाराच्या आदल्या संध्याकाळी बायनाबाई बोललीच. "तुमचा पुढारी कुणाचं ऐकतो का न्हाई?"

"पुढाऱ्याचं लोकांनी ऐकायचं असतंय, बायने."

"निजाम बी कुणाला इचारत न्हाई. मंग त्याला हाकलून ह्यांना कावून बसवायचं?"

उत्तर सुचलं नाही की नवरे जे करतात तेच आश्रुबानं केलं, म्हणजे तो भडकला.

दुसऱ्या दिवशी पथक नदीच्या वाटेनं बाजाराकडं निघालं. झेंडा आश्रुबाच्या पोटाला गुंडाळलेला, वरून घोंगडी. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मोठं त्याच्या अंगावर होतं. पकडलं जायचंच होतं, पण झेंडा चढल्यावर. त्याआधी पकडले गेलो तर सगळंच मुसळ केरात.

तेवढ्यात त्याचं लक्ष शेजारच्या म्हाळूकडं गेलं. म्हाळू त्याचा चुलतभाऊ. तोंड पांढरंफटक, नजर नदीच्या उतारावर. ओठ उघडत होता आणि पुन्हा मिटत होता. याला काहीतरी सांगायचंय, आश्रुबाला कळलं. पण विचारायला बंदी! विचारलं तर टोपी जाणार, आणि भगवानरावांची ती शाबासकीची नजर कायमची जाणार. चार पावलं तो तसाच चालला. मग रांग मोडून धावत पुढं गेला आणि भगवानरावांच्या पायासमोर खच्चकन काठी रोवली.

"आज्ञा मोडतोस?" भगवानराव कडाडले.

"मोडतो, मालक. म्हाळूला बोलायचंय. बोल बे!"

"उताराखाली पोलीस हायेत," म्हाळूनं एका दमात सांगून टाकलं. "घोड्यान्ला पाणी पाजताना सकाळीच बघितलं म्या."

"सकाळी? मग इतका वेळ गप्प कसा बसलास?"

"बोलायची बंदी हाय ना, मालक. तुमीच घातली."

भगवानरावांचा चेहरा उतरला. मग टोपी काढली आणि जमीनदाराचा तो लेक धनगरांच्या रांगेत मातीत बसला. "सांगा," म्हणाले. आश्रुबाला त्या क्षणी ते पूर्वीपेक्षाही मोठे वाटले.

सगळे एकदम बोलू लागले. मागून बायनाबाई बाजारात विकायची मेंढरं हाकत येतच होती. ती म्हणाली, "टोप्या लपवा, घोंगड्या पांघरा, माझ्या मेंढरांत शिरा अन् वरच्या वाटेनं चला." तसंच झालं. वरच्या नाक्यावरचा शिपाई धुळीनं इतका वैतागला की "चलो, हटाव!" म्हणत त्यानं स्वतःच सगळ्यांना बाजारात लोटलं.

आणि झेंडा चढला! घोंगडीसकट भगवानराव स्वतः लिंबाच्या झाडावर चढले. तिरंगा फडफडला तसा अख्खा बाजार ओरडला, बांगड्यांची दुकानं सोडून बाया धावल्या, आश्रुबाला आपण रडतोय का हसतोय तेच कळेना. पोलीस आले तेव्हा भगवानराव झाडाखालून हलले नाहीत. "बाकीच्यांनी निघा, काम संपलं नाही," म्हणाले आणि हसत हात पुढं केले.

न विकलेली मेंढरं घेऊन सगळे माळावर पोचताच पोरांनी आश्रुबाला खांद्यावर घेतलं. कुणीतरी त्याच्या डोक्यावर टोपी चढवली. "आता तूच आमचा पुढारी! तू म्हणशील तसं!"

आश्रुबा उंचावरून सगळ्यांकडं बघत होता. लई गोड वाटलं त्याला. "उद्या परळीला झेंडा!" तो गरजला, आणि पोरं गरजली. "परवा मोमिनाबादेला!" पोरं पुन्हा गरजली. "मी म्हणेन त्या वाटेनं! मधी कुणी बोलायचं न्हाई!"

यावर तर पोरं सगळ्यात जोरात गरजली.

आणि खच्चकन आवाज आला. समोर बायनाबाई उभी होती, आणि तिची काठी वाटेत रोवलेली होती. मेंढरं सवयीनं थांबली. आश्रुबा खांद्यावरून उतरला, डोक्यावरची टोपी काढली आणि सगळ्यांच्या आधी मातीत बसला.

"बोल, बायने," तो म्हणाला.