शेजारची शेगडी

भांड्याला भांडं लागतंच म्हणतात. या दिरा-भावजयीची मात्र नुसती आदळआपट चाले.

घरचा कारखाना विजेच्या शेगड्यांचा. धाकटा दीर मालकी गाजवायचा आणि थोरली वहिनी शेगडीच्या स्पर्शाने चालणाऱ्या बटणांमागचे सर्किट बोर्ड आखायची. दोघांत मध्यस्थी करून तिचा नवरा इतका विटला, की विक्रीच्या निमित्ताने सदा बाहेरगावीच असे.

नवी शेगडी सडपातळ दिसावी म्हणून दिराने वहिनीला न विचारता निम्म्या जाडीचे बोर्ड मागवले. ते पाहताच ती भर कारखान्यात त्याच्यापुढे उभी राहिली.

"भाऊजी, बोर्डाच्या वरचे आणि खालचे तांब्याचे ट्रॅक आता फार जवळ आलेत. मधे आपण न बसवलेला कपॅसिटर आपोआप तयार होतो. एका बटणावर बोट ठेवलं, की दुसऱ्यालाही स्पर्श झालाय असं बोर्डाला वाटेल."

"बोर्डाला वाटेल? वहिनी, तुम्हाला नको ते वाटतं तेवढं पुरे आहे!"

कामगार फिदीफिदी हसले. ती पाय आपटत जागेवर गेली.

गिऱ्हाईक शेगडी बघायला आलं तेव्हा दिराच्या जिभेला हाड नव्हतं. त्याने डावं बटण दाबलं आणि उजव्या बाजूच्या काचेवर तळवा टेकून तो शेगडीचं कौतुक सांगू लागला. उजव्या बटणाशेजारचा बारीक दिवा लागला. समोर उभ्या वहिनीला तो स्पष्ट दिसला. 'भाऊजी, हात!' हे शब्द ओठांपर्यंत आले. ते तिने गिळले.

दिराची किंकाळी कारखानाभर घुमली. त्याला ओढत नळाखाली नेणारी पहिली तीच.

"तुम्ही बघत होतात," तो दातओठ खात म्हणाला.

"हात पाण्याखाली धरा."

गिऱ्हाईक आल्या पावली परतलं. बँडेज बांधलेला हात नाचवत दीर जो भेटेल त्याला सांगू लागला, "वहिनीनं मला जाणूनबुजून भाजू दिलं." पण तिने सगळ्यांदेखत त्याला बजावलं होतं, म्हणून कुणी विश्वास ठेवेना. उलट कामगार आता त्यालाच हसू लागले.

नवरा घाईघाईने घरी आला. "तो म्हणतो तसं… तू खरंच बघत होतीस?"

"काहीतरीच काय!" ती म्हणाली, आणि जाड बोर्डाचा नवा आराखडा पुढ्यात ओढून कामाला लागली.