रिकाम्या चौकटीला घातलेला हार

मी एक जुनी सागवानी चौकट आहे, चित्राची. आत काहीही नसताना मला एकदा अख्ख्या भिवंडीने हात जोडले होते. तेव्हापासून, मित्रांनो, पाहणाऱ्यांबद्दल माझं मत फारसं बरं नाही.

माझं लाकूड एका हातमागाचं. यंत्रमागांची खडखड गल्लोगल्ली सुरू झाली, हातमाग मोडीत निघाला, आणि त्याच्या एका दांड्यातून सावळाराम सुताराने मला घडवलं. मला विकत घेतलं केसरीनाथ मास्तरांनी. ते शाळेत चित्रकला शिकवायचे, म्हणजे मुलांकडून वांगी आणि मोसंबी काढून घ्यायचे. घरी मात्र त्यांचा हात मोकळा सुटायचा.

त्यांनी शेलार गावच्या काशीला रंगवलं. काशी लग्नाच्या मांडवात धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाणारी, गळा असा की हळद ऐकून पिवळी व्हावी. मास्तरांनी तिचा चेहरा निळा केला, एक डोळा मोठा, एक बारीक, आणि तोंडातून पिवळ्या रेघा थेट माझ्या काठापर्यंत. ही आधुनिक कला, असं ते म्हणायचे. जसं दिसतं तसं नाही, जसं आत उमटतं तसं काढायचं.

वाचनालयाच्या भिंतीवर आम्ही लागलो आणि लोकांच्या जिभांना धार आली. वाचनालयाचे चिटणीस दत्तोपंत म्हणाले, "मास्तर, बाईला कावीळ झालीय की विषबाधा?" स्वतःच्या विनोदावर ते स्वतःच हसले, दुसरं कोण हसणार! मग ते रोज माझ्या खालच्या खिळ्याला छत्री अडकवू लागले. काशी आली, नाक मुरडून म्हणाली, "माजं थोबाड असं हाय का, मास्तर?" आणि पाठ फिरवून गेली. सुटीच्या दिवशी येऊन मास्तर माझ्यावरची धूळ पुसत. एक जण तरी थांबून पाहील, एवढीच त्यांची आशा होती. बाकीच्यांचं लक्ष वर्तमानपत्रातल्या सोन्याच्या भावात.

१९७५ साली त्यांची लेक विद्युल्लता मुंबईहून कला शिकून आली. वाचनालयात प्रदर्शन ठरलं. तिने मला उतरवलं, काशीला बाहेर काढून भिंतीकडे तोंड करून ठेवलं, आणि मला रिकामीच पुन्हा टांगून माझ्या गळ्यात पांढऱ्या सुताची लडी अडकवली.

मास्तर बघत राहिले. "विद्यु, हे आधुनिक का?"

"नाही बाबा. आधुनिक म्हणजे नवं नव्हे. ते एका काळाचं नाव झालं, आणि तो काळ गेला. हे समकालीन. आजचं. यात सूत चालतं, रिकामी जागा चालते. बघणारा काय करतो, तेही यातच आलं."

"आणि उद्या?"

"उद्याचं उद्याचे लोक बघतील."

मला वाटलं, एकाने निदान आत काहीतरी ठेवलं होतं. हिने ठेवण्याचे कष्टही वाचवले! मास्तर खांबाच्या आड जाऊन उभे राहिले.

प्रदर्शन उघडलं. दत्तोपंत आले. भिंतीवर मास्तरांची ओळखीची चौकट, तिला पांढरा हार! त्यांनी चपला काढल्या, डोळे मिटले, हात जोडले. "फार मोठा कलावंत गेला हो!" मागच्यांनीही चपला काढल्या. जो तो हळहळू लागला. काय रंग होते, काय दृष्टी होती! जिवंतपणी ज्यांनी काविळीचं निदान केलं, ते आता देवमाणूस म्हणत होते. विद्युल्लता आधी हसली. मग तिची नजर खांबाकडे गेली, आणि हसू विरलं.

तेवढ्यात मास्तर गेल्याचं ऐकून काशी आली, ओंजळीत मोगरा घेऊन. माझ्याकडे बघितलं आणि ओरडली, "मास्तर गेला तो गेला, पन मी कुठं गेले?"

मास्तर खांबामागून पुढे आले. कुणी किंचाळलं. काशी म्हणाली, "मेला न्हाय, तं मढ्यावानी गप का हुभा?"

"काशीबाय," विद्युल्लता चाचरत म्हणाली, "ही रिकामी जागाच चित्र आहे."

"रिकामी हाय, तं मना घाल तितं!"

विद्युल्लतेने सूत काढलं. भिंतीकडे वळवलेली काशी उचलली, पदराने पुसली आणि माझ्यात बसवली. खरी काशी समोर उभी राहिली. पहिल्यांदाच, पुष्कळ वेळ.

"ह्ये पिवळं काय रं?"

"तुझं गाणं."

"मंग आधी का न्हाय सांगितलंस?"

"तू थांबलीस कधी?"

काशीने मोगरा खिडकीत ठेवला आणि हलकेच गळा लावला:

"मांडवाच्या दारी हळद सांडली उन्हाची,
नवरी माजी गं लेक पिवळ्या मनाची."

विद्युल्लता बापाच्या शेजारी उभी राहून ऐकत होती. दत्तोपंत चपला शोधत होते.

मित्रांनो, आता मास्तरांचे हात थरथरतात, सुटीच्या दिवशी विद्युल्लता धूळ पुसते. दत्तोपंतांची छत्री अजून माझ्याखालीच लोंबते. काही माणसं सुधारत नाहीत. आधुनिक म्हणा, समकालीन म्हणा, नावांचं भांडण तुमचं तुम्ही भांडा. पण कुणी काही काढलं असेल, तर तो समोर असताना थांबून बघा. हात जोडायची घाई नको.

आणि माझ्या मागची दोरी कुजत आली आहे, तेवढी बदला. मी पडले तर मला काही नाही, लाकूड आहे मी. पण काशी पडेल, गाता गाता.