टूल रूमचं कपाट आणि कौशल्याबाईंचा फ्लेक्स

मित्रांनो, मी एक जुनं लोखंडी कपाट आहे. जुनं म्हणा, हरकत नाही. पण भंगार म्हणालात, तर दार लावताना आपली बोटं सांभाळा, एवढंच सांगतो.

माझा जन्म भोसरीच्या एमआयडीसीत, एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. कारागिराने मला ठोकलं, वाकवलं, हिरवा रंग फासला आणि "हत्ती आहे हत्ती!" म्हणत पाठीवर थाप मारली. तेव्हापासून मला जरा गर्वच चढला. तिथून मी चाकणच्या एका कारखान्यात टूल रूमला लागलो. टूल रूम म्हणजे हत्यारांची खोली. पाने, ड्रिल, कानशी, मोजमापाची नाजूक उपकरणं, सगळं माझ्या पोटात. आणि माझ्यावर राज्य ज्योतीराम भाऊंचं. कामगाराने यायचं, आपल्या नंबरचं पितळी टोकन द्यायचं आणि हत्यार घेऊन जायचं. टोकन माझ्या दारातल्या हुकावर लटकायचं. शिफ्ट संपायच्या आत हत्यार पुसून, तेल लावून परत आलंच पाहिजे. नाही आलं तर भाऊ असा आवाज लावायचे, की मॅनेजरसुद्धा आपले खिसे चाचपून बघायचे.

मग कंपनीत नवीन कपाटं आली. कार्ड दाखवलं की आपोआप उघडणारी, वर लाल-हिरवे दिवे. माझी रवानगी मागच्या आवारात झाली. कावळे माझ्यावर बसून डबा खायचे आणि जाताना जे करायचं ते करून जायचे. काय सांगू, फार वाईट दिवस होते ते.

त्याच सुमारास भाऊ निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी साहेबांनी विचारलं, "भाऊ, आठवण म्हणून काय देऊ?" सगळ्यांना वाटलं, मनगटी घड्याळ मागतील. भाऊंनी मला मागितलं! टेम्पो दारात पोचला तेव्हा वहिनी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "हे धूड आत येणार असेल, तर मी माहेरी चालले," असं त्या म्हणाल्या. भाऊंनी क्षणभर विचार केला. तो क्षण जरा लांबलाच, म्हणून वहिनी अजून चिडल्या.

अशा रीतीने मी कामगार वसाहतीतल्या मंडळाच्या खोलीत आलो. तिथे मंजुषा मॅडम वाचनालय चालवायच्या. मॅडम महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. दिवसभर पोरांपुढे घसा कोरडा करायचा आणि संध्याकाळी इथे येऊन खोली झाडायची. पुस्तकं त्यांनी दारोदार फिरून जमवलेली. पण ठेवायला जागा नाही, म्हणून ती गोणपाटात आणि खोक्यात पडलेली, आणि उंदरांचं वाचन सगळ्यात जास्त झालेलं. मला बघताच त्या म्हणाल्या, "अगदी देवासारखे आलात!" त्या भाऊंना म्हणाल्या असतील, पण मी ते माझ्यावरच घेतलं.

भाऊ बिनपगारी मदतनीस झाले आणि पहिल्याच दिवशी घोळ घातला. तेलाचं फडकं घेऊन त्यांनी पुस्तकांची कव्हरं चकचकीत पुसून काढली. मॅडमनी डोक्याला हात लावला. "अहो भाऊ, हे काय केलंत?"

"गंज चढू नये म्हणून," भाऊ म्हणाले.

पाककृतींच्या पुस्तकाला अजून मशीन ऑइलचा वास येतो. एका ताईंनी त्यातला शिरा करून बघितला, पण वास आठवून कोणी खाल्ला नाही.

मग भाऊंनी टोकनं आणली. प्रत्येक सभासदाला एक, नंबर ठोकलेलं. टोकन द्या, पुस्तक न्या. मॅडम म्हणाल्या, "आठवडाभर घरी ठेवा, सावकाश वाचा." पण आमचे निम्मे सभासद त्याच कंपनीतले. भाऊंचा आवाज त्यांच्या हाडात बसलेला. रात्री आठला खोली बंद होते म्हटल्यावर ते पावणेआठलाच पुस्तक घेऊन धावत यायचे आणि दुसऱ्या दिवशी तेच पुस्तक पुन्हा मागायचे. आबाजी नावाचे एक फिटर तर एकच जाड कादंबरी रोज नेत आणि रोज आणत. दिवाळी गेली तरी तिच्यातला नायक अजून गावाबाहेर पडला नव्हता.

फक्त कौशल्याबाई रोज नवं पुस्तक न्यायच्या.

कौशल्याबाई मूळच्या परभणीकडच्या, कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायच्या. कामावरून सुटल्या की हात धुऊन यायच्या, टोकन खणकन हुकावर लावायच्या आणि रांगेतलं पुढचं पुस्तक उचलायच्या. कुक्कुटपालन झालं, की बँकेच्या परीक्षेचं. ते झालं, की सर्पदंशावरचं. आठच्या आत परत! मॅडम थक्क झाल्या. "केवढा आवाका आहे हो या बाईंचा!" त्या भाऊंना म्हणायच्या.

आवाका कसला! मला सगळं दिसत होतं. माझं तोंडच बाहेरच्या बाकाकडे. बाई बाकावर बसायच्या, पानांवरून हात फिरवायच्या, चित्र आलं की थांबायच्या आणि पुष्कळदा पुस्तक उलटं धरलेलं असायचं. त्यांना अक्षर येत नव्हतं. कुठलं पुस्तक नेलं आणि कुठलं राहिलं हे कळत नव्हतं, म्हणून त्या रांग धरून चालल्या होत्या. मग एवढा खटाटोप कशासाठी? तर पुस्तक काखेत असलं, की वाणी "काय गं मावशी" न म्हणता "या मॅडम" म्हणायचा. आयुष्यभर "ए पोळीवाली" ऐकलेल्या बाईला ते किती गोड लागत असेल! मी कोणाला बोललो नाही. कपाटाचं कामच असतं पोटात ठेवणं.

पण मॅडम बोलल्या. कौतुकाने त्यांनी मंडळाच्या अध्यक्षांना, दादासाहेबांना, सगळं सांगितलं. दादासाहेब इथले जुने जमीनवाले. दिघीपासून भोसरीपर्यंत एक चौक असा नाही, जिथे त्यांचा गॉगल घातलेला फ्लेक्स नाही. "रोज एक पुस्तक? काय सांगता!" ते ओरडले. "मग सत्कार झालाच पायजे. आमी फ्लेक्स लावतो!"

आणि लावला. मधोमध कौशल्याबाई. फ्लेक्सवाल्याने त्यांना गुलाबी केलं, नाकावर चष्मा चढवला आणि फोटोभोवती फुलांची झकास चौकट काढली. बाजूला त्यांच्या चौपट मोठे दादासाहेब, हात जोडलेले. खाली लिहिलं होतं, 'वाचनसम्राज्ञी कौशल्याबाई यांचा भव्य सत्कार. त्या आवडत्या पुस्तकातील एक पान वाचून दाखवतील.'

त्या संध्याकाळी बाई धापा टाकत खोलीत शिरल्या आणि मटकन खाली बसल्या. "मॅडम, म्या जित्ती हाव हो! चौकात माझी श्रद्धांजली कोन लावली? फुलं काय, हात काय जोडल्यात!"

मॅडमना हसू आवरेना. "अहो बाई, श्रद्धांजली कसली? सत्काराचा फ्लेक्स आहे तो. एवढं मोठ्या अक्षरात लिहिलंय, वाचलं नाहीत का..."

आणि त्यांचं वाक्य तिथेच थांबलं. बाईंनी मान खाली घातली. भाऊंच्या हातातून किल्ल्यांचा जुडगा पडला.

"मला येत न्हाई, मॅडम," बाई म्हणाल्या. "माझं टोकन काढून टाका. म्या रातच्या गाडीनं गावाकडं जाते. लेकीच्या सासरची मान्सं येनार हायत सत्काराला. त्यांच्यापुढं हसं झालं, तर लेकीला जलमभर ऐकून घ्यावं लागंल."

मला वाटलं, आता मॅडम रागावणार. पण त्या बाईंच्या शेजारी फरशीवर बसल्या. "चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "मी रोज तुमचं टोकन मोजत बसले. तुमच्याकडे एकदाही नीट बघितलं नाही. शिक्षिका ना मी? आता गावाला जाऊ नका. सत्काराला अजून दोन आठवडे आहेत."

"दोन आठवड्यात काय व्हतंय?"

"बघू की. सुरुवात तर होईल."

दुसऱ्या दिवशी खोलीबाहेर पाटी लागली, 'स्टॉक चेकिंग चालू आहे.' ही अक्कल भाऊंची. दाराशी खुर्ची टाकून ते बसले आणि आलेल्या प्रत्येकाला परत पाठवू लागले. आबाजी काकुळतीला आले, "राव, माझा नायक आत्ताच एसटीत बसलाय!" पण भाऊ हलले नाहीत. चार दिवसांत वसाहतभर बातमी पसरली, की वाचनालयात मोठा घपला सापडलाय.

आत घपला नव्हता, शाळा होती. फळा नव्हता, म्हणून मॅडमनी माझी दारं उघडली आणि आतल्या बाजूने चक्क खडूने लिहायला लागल्या. माझ्या अंगावर खडू! जिथे मायक्रोमीटर ठेवायला लोक हात पुसून यायचे, तिथे खडूचा भुगा! मी रागाने बिजागरी करकरवली. मॅडमनी शांतपणे तिच्यात खोबरेल तेलाचा थेंब सोडला आणि पुढे लिहू लागल्या.

त्यांची शिकवायची रीतच निराळी. "कामावर जायला कुठली बस पकडता?" त्यांनी विचारलं.

"चाकनची."

"ती कशी ओळखता?"

"पाटीवर पयलं अक्षर पोटफुगं असतंय आन् शेवटाला दोन खांब हायत."

"म्हणजे तुम्हाला वाचता येतं!" मॅडमनी दारावर मोठ्ठं 'चाकण' लिहिलं. बाई ते बघतच राहिल्या. मग 'भाकर' आलं, 'तवा' आला, लेकीचं नाव आलं. बाई जोडाक्षरांवर भयंकर चिडायच्या. "ह्या अक्षराच्या उरावर दुसरं कामून बसवलंय? उतरवा त्याला!" कधी खडू फेकून रडायच्या. मॅडमचा घसा शाळेत बसलेला असायचा, तरी थर्मासमधलं गरम पाणी घोटघोट पीत त्या पुन्हा पहिल्यापासून सांगायच्या. त्यांनी एकदाही "सोपं आहे" म्हटलं नाही. "अवघड आहे, मला माहीत आहे," असंच म्हणायच्या. मित्रांनो, माझा राग कधी गेला ते मलाच कळलं नाही. संध्याकाळी खडूचा डबा उघडला, की मला बरं वाटायला लागलं.

सत्काराचा दिवस आला. बाईंना एक ओळ जेमतेम जमू लागली होती, अख्खं पान कुठलं! मॅडमनी ठरवलं होतं, की बाईंनी नमस्कार करून बसायचं आणि पान आपण वाचायचं. पण मंडळाच्या पोरांना शोभेची हौस. त्यांनी मला हार घातला, उचललं आणि मंचावर नेऊन ठेवलं. ठेवताना जरा जोरात आपटलं, आणि माझी दोन्ही दारं सताड उघडली.

दिव्यांच्या झगमगाटात सगळ्यांना दिसलं. चाकण. भाकर. तवा. त्याखाली वेडंवाकडं, 'कौशल्या'.

"बालवाडी हाय का काय ही?" कोणीतरी ओरडलं. लोक हसले. भाऊ म्हणाले, "स्टॉक... स्टॉकचं आहे ते," पण त्यांचा तो आवाज नेमका त्या दिवशीच गेला. मी दारं मिटायला धडपडलो. पण स्वतःहून मिटायला मी काही ते कार्डवालं कपाट नाही.

तेवढ्यात कौशल्याबाई उठल्या आणि त्यांनी माईक घेतला. "ती माझी शाळा हाय," त्या म्हणाल्या. "म्या आजवर एक बी पुस्तक वाचलं न्हाई. नुसती नेली आन् आनली. ह्या मॅडम मला धा-बारा दिवस झाले शिकवायला लागल्यात. हसायचं तर मला हसा, त्यांना न्हाई."

मग त्यांनी लहान मुलांचं एक पुस्तक उघडलं, बोट ठेवलं आणि वाचू लागल्या. "आ...ई... आई. भा...क...र. भाकर. क...र." पुढच्या रांगेतली त्यांची लेक तोंडावर पदर धरून रडत होती. "म...ला... भू...क..." अख्खा मंडप पुढे झुकला होता. आबाजी तर ओठ हलवत बरोबर वाचत होते. "ला...ग...ली." बाईंनी वर बघितलं. "लागली!" त्या ओरडल्या, आणि टाळ्या अशा पडल्या की माझ्या फळ्या थरथरल्या.

दादासाहेब शाल घेऊन उठले. सगळ्यांना वाटलं, आता फसवलं म्हणून भडकणार. त्यांनी शाल बाईंच्या खांद्यावर घातली, माईक हातात घेतला आणि भाषण न करताच मॅडमकडे वळले. हात खाली करून, अगदी हळू आवाजात विचारलं, "मॅडम, ही शिकवनी गड्यांस्नी बी चालती का?"

"चालते की. कोणाला हवी आहे?"

"हळू बोला. मलाच."

माईक चालूच होता. दिघीपर्यंत ऐकू गेलं.

मित्रांनो, आता मला नवा रंग द्यायचं मंडळात चाललंय. तुम्ही कोणी तिथे असाल तर सांगा, रंग नको, खडूचा डबा द्या. दिवसभर शिकवून आलेल्या मॅडमना आल्याबरोबर आधी पाणी द्या. आणि तुमच्या घरी, शेजारी कोणी "चष्मा विसरलो, तूच वाचून दाखव" असं नेहमी म्हणत असेल, तर वाचून दाखवा, हसू नका, आणि संध्याकाळी त्यांना हाताला धरून माझ्याकडे घेऊन या. दारं उघडीच आहेत.